किल्लारीची दुसरी ओळ

ताईंचा फोन दुपारी आला. "सर, मुलाखतीचं पत्र आलंय. नांदेडचंच कॉलेज. पण येताना स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम आणा म्हणतात. ती फाईल हाय ना तुमच्याकडं?"

मी "आहे" म्हणालो. ते उत्तर अर्धे खरे होते.

ताई आमच्या दैनिकाच्या लातूर कार्यालयात ऑपरेटर होत्या. माहेर उदगीरचे, वडिलांचे कापडाचे दुकान, शिक्षण बी.ए., विषय इतिहास. मी नांदेडच्या डेस्कवर उपसंपादक होतो, अजूनही आहे. लातूरचे कार्यालय बंद करून सगळे काम नांदेडला आणले गेले, तेव्हा ताईंची नोकरी गेली. त्यानंतर तीन वर्षे त्या घरून लग्नपत्रिका आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करत होत्या. आता एका महाविद्यालयाला संगणक प्रयोगशाळेसाठी सहायक हवा होता. जाहिरातीत पदवी संगणकाची मागितली होती, पण पुढे "किंवा पुराव्यासह समकक्ष अनुभव" असेही छापले होते. ताईंचा अर्ज त्या 'किंवा'वर उभा होता. त्यांच्याकडे पुरावा एकच, आमच्यासाठी लिहिलेला तो प्रोग्रॅम.

तो करतो ते काम साधे वाटते. दोन्ही जिल्ह्यांतल्या वार्ताहरांकडून रोज बातम्या येतात, कुणाची मेलवर, कुणाची मोबाइलवरून, कुणाची वर स्वतःचे नाव आणि खाली सरपंचांचे आभार घालून. प्रत्येक बातमीची डेटलाइन पाहायची, म्हणजे सुरुवातीला लिहिलेले गावाचे नाव, आणि बातमी नांदेडच्या पानाकडे लावायची की लातूरच्या, ते ठरवायचे. यात संध्याकाळचा दीड तास जाई. ताईंनी ते एका कळीवर आणले. ज्यात आणले तो मजकूर लिहिण्याचा एक जुना, फुकट मिळणारा एडिटर आहे. तो लिस्प नावाच्या भाषेवर उभा आहे आणि वापरणाऱ्याला त्याच भाषेत त्याला नव्या गोष्टी शिकवता येतात. लातूरच्या मशीनवर दुसरे काही नीट चालत नव्हते म्हणून ताई त्याच्याकडे वळल्या आणि त्याच्याबरोबर येणारे मदतपुस्तक वाचून शिकल्या.

त्यांनी मला पेनड्राइव्हवर दोन फाईली आणून दिल्या होत्या. नाव एकच, फक्त दुसरीच्या शेवटी एक 'सी' जास्त. "ही वाचायची, ही चालवायची," असे त्या म्हणाल्या होत्या. वाचायची म्हणजे त्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम. चालवायची म्हणजे एडिटरने त्याचे आपल्या सोयीने केलेले रूपांतर.

वर्तमानपत्रात एक सवय लागते. पान छपाईला सुटले की मूळ कॉपी कचऱ्याच्या टोपलीत. छापले ते खरे, त्याआधीचे सगळे कच्चे. डेस्कवरची मशीन बदलली तेव्हा मी जुने सामान आवरले आणि वाचायची फाईल काढून टाकली. चालवायची म्हणजे पास झालेले पान, अशी माझी समजूत होती. ताईंची स्वतःची प्रत लातूरच्या मशीनवर होती आणि ते मशीन कार्यालयाबरोबर भंगारात गेले.

फोन ठेवल्यावर मी उरलेली फाईल उघडली. वर चार ओळी इंग्रजीत होत्या. खाली कंधार, लोहा, देगलूर, मग उलटी तिरकी रेघ आणि तीनशे, पुन्हा तिरकी रेघ आणि तीनशे एक, मग उदगीर, निलंगा, मग उद्गारचिन्हे, कंट्रोलच्या खुणा आणि पुन्हा आकडे. पाऊस लागून शाई पसरलेल्या वहीत मधली मधली नावे वाचता यावीत, तसे. ताईंचे एक वाक्य मात्र शाबूत होते: "बातम्या गावानुसार लावते. घाई असली तरी दोनदा दाबू नये." ते मदतीचे वाक्य असल्यामुळे टिकले होते, हे मला नंतर कळले. ओळींच्या शेवटी त्या मराठीत टिपणे लिहीत, कुणाच्या सांगण्यावरून कोणती ओळ घातली ते. त्यातले एकही नव्हते.

संध्याकाळी मी फोन करून खरे ते सांगितले. 

"सर, तुमी पीठ ठेवलं अन् जोंधळा टाकून दिला."

"पिठाची भाकरी तर होते ना, ताई? रोज चालतोय प्रोग्रॅम."

"भाकरी व्हतीच. पेरणी व्हत न्हाई."

मग म्हणाल्या, "असू द्या. त्यातून काही निघतंय का बघा. मीबी बघते."

पुढचे चार दिवस मी रोज दुपारी ती फाईल वाचण्याचा प्रयत्न केला. जे समजले ते असे. त्या एडिटरच्या पोटात एक काल्पनिक यंत्र आहे. ते टेबलावर दाखवता येत नाही. त्याला लिस्प वाचता येत नाही, ते फक्त हुकूम पाळते. हुकमांना नावांऐवजी आकडे आहेत, दोनशे छप्पनच्या आतले. या आकड्यांची यादी मिळते. यादीतल्या काही हुकमांपुढे 'कालबाह्य' असा शेरा आहे, तरी ते पाळले जातात, कारण जुन्या फाईली चालल्या पाहिजेत. निवृत्त झालेले बातमीदार ओळखपत्र दाखवून आजही प्रेस कॉन्फरन्सला जेवायला येतात, त्यांची आठवण झाली. काही आकडे कुणालाच दिलेले नाहीत. ते का ठेवले आहेत, ते मला समजले नाही.

यादी हातात घेऊन मी फाईल तपासली आणि पहिल्याच पायरीला अडखळलो. ताईंना फोन लावला.

"यादीत काम संपवून परत जायचा हुकूम एकशे पस्तीस आहे. आपल्या फाईलमध्ये एकशे पस्तीस कुठेच नाही. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी दोनशे सात आहे. आवृत्ती चुकली असेल का?"

"सर, ते दोनशे सात आठाच्या हिशोबातलं हाय. शंभराच्या जागी चौसष्ट धरायचं. दोन चौसष्ट किती?"

"एकशे अठ्ठावीस."

"मधलं घर मोकळं. वर सात."

"एकशे पस्तीस."

"हाव."

"मग सरळ तसं का लिहीत नाहीत?"

"ते एडिटर बनवणाऱ्यांना विचारा. अन् हातानं नका मोजू. उलगडून दाखवायची कमांड हाय त्याच्यात, मी सांगते."

त्या कमांडने आकड्यांच्या जागी हुकमांची नावे आली. मी ती छापून घेतली. चौदा पाने झाली. एका ओळीत एक हुकूम: अमुक वर ठेवा, तमुक वर ठेवा, त्या दोघांवर काम करा, उत्तर नकार असेल तर अमक्या ओळीवर उडी मारा. पानभर वाचून झाले तरी काय चालले आहे याचा पत्ता लागत नव्हता. प्रत्येक ओळ समजत होती आणि बातमी समजत नव्हती.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी ताई सकाळच्या एसटीने लातूरहून आल्या. डेस्क दुपारपर्यंत मोकळेच असते. त्यांनी चौदा पाने टेबलावर पसरली, चष्मा बदलला आणि खालच्या आवाजात वाचायला लागल्या. मध्येच माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी कोपऱ्यातले न खपता परत आलेले अंक उचलले आणि एकावर एक ठेवले.

"ही थप्पी. यंत्राला फक्त हीच कळती. नवीन आलं की वर ठेवायचं, काम करायचं तर वरनंच उचलायचं. मी लिहिताना ह्याला 'बातमी' नाव दिलतं, ह्याला 'गाव'. ती नावं उडाली. आता हे म्हणतंय, थप्पीतलं दोन नंबरचं आण."

मी वरून दुसरा अंक काढला.

"तो न्हाई. दोन म्हणजे तिसरा."

"का?"

"मोजणी शून्यापासून हाय."

मी तिसरा अंक काढला. त्यात माझाच एक मथळा होता, चुकलेला. तो परत खाली घातला.

तासाभराने त्यांनी पाने बाजूला सारली. "सर, हे माझं वाटतच न्हाई. मी असं लिहीतच न्हाई." मग स्वतःच म्हणाल्या की कंपायलर, म्हणजे रूपांतर करणारा, आपल्या सोयीने ओळी सरकवतो, वायफळ असेल ते गाळतो. तरी त्यांनी एकेक उडी पेन्सिलने जोडत नेली आणि तीनच्या सुमारास तोच प्रोग्रॅम नव्याने लिहून काढला. आदल्या दिवशीच्या बातम्या आम्ही जुन्या फाईलवर आणि नव्या फाईलवर चालवून पाहिल्या. दोन्हीकडून तेच निघाले.

फरक एकाच ठिकाणी होता. छापलेल्या पानांत किल्लारी दोनदा येत होती. आठव्या पानावर एकदा: डेटलाइनीत किल्लारी आहे का, असेल तर लातूरच्या पानाकडे. अकराव्या पानावर पुन्हा अगदी तेच. पहिल्या ठिकाणी किल्लारीची प्रत्येक बातमी पकडली जात होती, त्यामुळे दुसरी ओळ कधी चालणेच शक्य नव्हते. मी म्हणालो, कंपायलरने केले असेल. ताई म्हणाल्या, "कंपायलर कमी करतो. आपल्या मनानं गाव वाढवत न्हाई." त्यांना काही आठवेना. नव्या फाईलमध्ये त्यांनी किल्लारी एकदाच लिहिली.

मग मी एक सूचना केली. नवी फाईल जुनी म्हणून द्यावी. लिहिणाऱ्या त्याच, काम तेच, कुणाचे नुकसान नाही.

"सर," ताई म्हणाल्या, "आजची बातमी तुमी परवाच्या तारखेनं लावता का?"

मी लावत नाही.  हा प्रोग्रॅम यांनीच लिहिला, असे पत्र मी दैनिकाच्या लेटरहेडवर लिहून दिले आणि गरज पडली तर बरोबर येतो म्हणालो.

गरज पडली. दुसऱ्या दिवशी ताई आत गेल्यावर वीस मिनिटांनी शिपायाने मला बोलावले. आत तिघे होते. प्रश्न विचारत होते ते विभागप्रमुख. त्यांच्यापुढे चौदा पाने होती, शेजारी नवी फाईल छापलेली, वर ताईंनी कालची तारीख घातलेली.

"हे पत्र तुमचं?"

"हो."

"तुम्हाला प्रोग्रॅमिंग येतं?"

"नाही."

"मग यांनीच लिहिला, हे कशावरून?"

मी सांगितले की पेनड्राइव्ह त्यांनी दिला आणि रोज संध्याकाळी मी तो प्रोग्रॅम वापरतो. ते सांगतानाच मला कळले की ही ऐकीव माहिती आहे. असा मजकूर वार्ताहराने पाठवला असता तर मी परत केला असता.

विभागप्रमुख ताईंकडे वळले. "बाई, तुम्ही ही पानं वाचून दाखवलीत, चांगलं दाखवलंत. पण वाचता येणं वेगळं, लिहिलेलं असणं वेगळं. इथे किल्लारी दोनदा आहे. तुमच्या कालच्या प्रतीत एकदा. मूळ तुमचं असेल तर सांगा, दोनदा का?"

"मला आठवत न्हाई, सर."

"तुमच्याच प्रोग्रॅममधलं?"

शेजारचे सदस्य हसले. "राहू द्या, सर. आमच्या मुलांनाही स्वतःची प्रोजेक्टं आठवत नसतात."

 ताई बोटांवर गावे मोजायला लागल्या. यादीच्या क्रमाने नव्हे, लातूरहून निघालेली एसटी थांबत जाते तशी: औसा, किल्लारी, मग दुसऱ्या रस्त्याने निलंगा, मग उदगीर. पुन्हा मागे येऊन औशापासून सुरुवात केली. तिसऱ्यांदा मोजून माझ्याकडे पाहिले.

"सर, एक गाव कमी हाय. ते तेरणा नदीकाठचं. तुमी फोन केलता बघा."

मला आठवायला क्षणभर लागले. त्या गावाचा आमचा एक वार्ताहर होता, शेती सांभाळून बातम्या पाठवणारा. गाव आमच्या यादीत नव्हते, म्हणून त्याच्या बातम्या 'इतर' नावाच्या फोल्डरमध्ये पडत. 'इतर' सगळ्यांत शेवटी उघडतात आणि तोवर पान भरलेले असते. त्याने तक्रार केली. मी लातूरला फोन करून त्या गावाची ओळ घाला म्हणालो. दुसऱ्या दिवशी ताईंनी "लावली, सर" असे कळवले. तरीही त्याच्या बातम्या लागल्या नाहीत. काही महिन्यांनी त्याने पाठवणे बंद केले.

"त्या गावासाठी किल्लारीच्या ओळीची नक्कल करून खाली ठेवली," ताई विभागप्रमुखांना म्हणाल्या, "अन् नाव बदलायचं राहिलं. ही माझी चूक हाय. लिहिणारीचीच असती अशी चूक."

 चूक कबूल केल्याने बाजू भक्कम झाली की गेली, मला सांगता आले नसते. विभागप्रमुखांनी मला विचारले, "हे तुम्ही दोघं ठरवून आलात का?"

"नाही."

"त्या तक्रारीचा काही कागद?"

"माझ्याकडे नाही. मी ठेवत नाही."

"आठ दिवसांत काही लेखी मिळालं तर आणून द्या. तोवर निर्णय राखून ठेवतो."

बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "आता लेखी कुठनं आणायचं? ते बी टोपलीतच."

वार्ताहराचा नंबर जुन्या डायरीत सापडला. आता त्याचे फवारणीच्या पंपांच्या दुरुस्तीचे दुकान आहे. मी ओळख दिली. त्याने ती लगेच धरली नाही. मग मी झाले ते क्रमाने सांगितले.

"म्हंजी माझ्या बातम्या येत व्हत्या तुमच्याकडं."

"येत होत्या. चुकीच्या जागी पडत होत्या."

"अन् मी समजलो, माझं लिव्हनंच लई वाईट. तसं तुमीच कळवलतं की."

"मी?"

"हाव, तुमीच. पत्र हाय ना. ठिवलंय."

अर्ध्या तासाने मोबाइलवर फोटो आला. दैनिकाचे लेटरहेड, खाली माझी सही. पत्रातला पहिला परिच्छेद असा: "आपल्या गावासाठी प्रोग्रॅममध्ये स्वतंत्र ओळ घालण्यात आली असून, हा प्रोग्रॅम तयार करणाऱ्या आमच्या लातूर कार्यालयातील ऑपरेटर ताईंनी ते काम पूर्ण केले आहे." दुसरा परिच्छेद: "यापुढेही बातम्या प्रसिद्ध न झाल्यास तो मजकुराच्या दर्जाचा प्रश्न समजावा." भाषा नेटकी होती. एकही शब्द कापण्यासारखा नव्हता. ते पत्र लिहिल्याचे मला आठवत नव्हते, आजही आठवत नाही.

मी फोटो ताईंना पाठवला. त्यांचा फोन आला. "पहिला परिच्छेद लई कामाचा हाय, सर."

"दुसऱ्याचं काय?"

"तेबी जाऊ द्या संगं. अर्धं पत्र देता येत न्हाई."

वार्ताहराने मूळ पत्र एसटीच्या पार्सलने पाठवले, प्लास्टिकच्या पिशवीत, घडीवर घडी न पडलेले. ताईंनी ते सातव्या दिवशी महाविद्यालयात नेऊन दिले. तीन आठवड्यांनी नेमणुकीचे पत्र आले, अकरा महिन्यांच्या करारावर. चौदा पाने पटली, चूक पटली की माझे पत्र, ते त्यात नव्हते. ताईंनी विचारले नाही आणि मलाही विचारू दिले नाही.

महाविद्यालयातून आणलेले जुने पत्र परत केले तेव्हा वार्ताहराने एकच विचारले, "आता बातमी धाडली तर लागल का?" मी ताईंना कळवले. त्यांनी नव्या फाईलमध्ये गावाचे नाव घातले आणि या वेळी दोन्ही फाईली पाठवल्या, वाचायची आणि चालवायची. वाचायच्या फाईलमध्ये त्या ओळीपुढे टिपण आहे: "हे गाव आधी राहिलं होतं. चूक माझी." दोन्हींच्या मी तीन ठिकाणी प्रती ठेवल्या आहेत.

चार दिवसांनी त्या गावाहून बातमी आली. नदीवरच्या पुलाचा कठडा तुटला होता, ओळी आठ, आभार कुणाचेच नाहीत. मी कळ दाबली. स्क्रीनवर काही हलल्यासारखे दिसले नाही, म्हणून ताईंचे 'दोनदा दाबू नये' विसरून पुन्हा दाबली. बातमी लातूरच्या पानावर लागली, एकाखाली एक, दोनदा. दोन्ही अक्षरशः सारख्या होत्या. एक काढायची होती आणि कोणती काढावी, यात माझी काही मिनिटे गेली.